कुंपण कुठून जाणार

ऐन सुम्माक, पूर्ववाडी
१२ नोव्हेंबर २००२

ती. आत्यास,
रिहाबचा सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र अबू शहाबच्या टॅक्सीतून पोचलं. खजुराचे मामूलही पोचले, म्हणजे हैफाहून इथवर येताना त्याने जेवढे खाल्ले नाहीत तेवढे. कानातलं यंत्र लावतेस की अजून उशीखालीच आहे? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की आमच्या घरची बातमी अख्ख्या गल्लीला कळते. तेव्हा आपलं पत्रच बरं.

इथली बातमी एकच. गेल्या आठवड्यात लष्कराची जीप आणि मोजणीवाले आले. टेकडीवरच्या खडकांवर लाल रंगाचे ठिपके मारून गेले. आम्हाला वाटलं, ठरलं, कुंपण टेकडीवरून जाणार. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ओढ्याकाठच्या खडकांवरही तेच ठिपके. आता तूच सांग काय समजायचं. कुंपण येणार हे रेडिओवरून साऱ्या जगाला ठाऊक आहे. कुठून येणार हे तेवढं ज्यांच्या दारातून जाणार त्यांना ठाऊक नाही.

ओढ्यावरून गेलं तर आपली पूर्ववाडी आणि पश्चिमवाडी पुन्हा तुटणार, तुझ्या लहानपणी तुटली तशी. टेकडीवरून गेलं तर दोन्ही वाड्या एकत्र राहतील, पण आम्ही जेनीन शहरापासून, शेतांपासून, सगळ्या मुलखापासून तुटू. चहाच्या दुकानात रोज भांडणं. दुकानदारांना टेकडी हवी, कारण ओढ्यापलीकडची गिऱ्हाइकं येत राहतील. ज्यांची ऑलिव्हची झाडं टेकडीपलीकडे आहेत त्यांना ओढा हवा. न्हाव्याचं म्हणणं, सरकारलाही माहीत नाही, ठिपके मारणाऱ्याकडे रंग उरला होता एवढंच.

मी वर्गात मुलींना नकाशा काढायला सांगितला: तुम्हाला रेघ मारायची असती तर कुठून मारली असती? प्रत्येकीने आपलं घर, मैत्रिणीचं घर आणि आजोळ एका बाजूला घेतलं. रेघा अशा वाकड्यातिकड्या की बघताना पोटातली आतडी आठवावी. एकीने तर शाळा पलीकडे टाकली. तिचं गणित कच्चं आहे.

आता माझं. लग्न ऑलिव्हची तोडणी संपली की करायचं ठरलं होतं. पण मुंझिरचं गाव टेकडीपलीकडे. बाबा म्हणाले, आधी कुंपणाचं कळू दे, मग लग्नाचं बघू. मुंझिर काही बोलला नाही. आमच्या शेळीचे खूर तपासले आणि गेला. जनावरांचा डॉक्टर झाल्यापासून त्याला न बोलणाऱ्यांचीच सवय झाली आहे.

तू हिब्रू पेपर वाचतेस, काही कळतंय का? आणि त्या वेळी, एकोणपन्नास साली, लोकांना कसं कळलं होतं गं?

बाबांचा सलाम. तुझ्या भाचीला मामूलहून जास्त तुझं अक्षर आवडतं, हे विसरू नकोस.

तुझी
रिहाब


हैफा
२३ नोव्हेंबर २००२

चि. रिहाब हिस वदीआ आत्याचे अनेक आशीर्वाद.

यंत्र लावते. पण त्यातून माणसांपेक्षा नळच जास्त ऐकू येतो.

भिंग घेऊन तीन पेपर वाचले. एक म्हणतो ओढा, दुसरा म्हणतो टेकडी, तिसरा म्हणतो मंत्र्यांचं एकमत व्हायचं आहे. शेजारच्या त्सिपोराला विचारलं. तिचा नातू सैन्यात आहे, पण तो रेशनच्या गोदामात डबे मोजतो, त्याला काय कळणार. त्सिपोराला मात्र कुंपण हवं आहे. मागे ज्या बसमध्ये बॉम्ब फुटला, तिच्यात तिची धाकटी बहीण असायची, त्या दिवशी उशीर झाला म्हणून वाचली. ती भीती खोटी नाही. मी विचारलं की मग ते जुन्या हद्दीवरून का घालत नाहीत, दुसऱ्याच्या शेतातून कशाला? ती म्हणाली, मला काय ठाऊक वदीआ, मला फक्त बसने बाजारात जायचं असतं.

त्या वेळी कसं कळलं विचारतेस. कळलं नाहीच. मामाची बायको बाळंत झाली म्हणून मला हाताखाली मदतीला पश्चिमवाडीत पाठवलं होतं. मी चौदा वर्षांची, तुझा बाप सात. एका सकाळी सैनिकांनी ओढ्यात पिंपं आणून उभी केली आणि सांगितलं की आता हा देश निराळा आणि तो निराळा. लांबच्या कुठल्या बेटावर दोन्हीकडचे अधिकारी बसले होते, तिथे ठरलं. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं आणि आम्हाला विचारलं नाही. आता एकटाच ठरवतोय. आम्हाला विचारायचं तेवढं राहतंच.

आम्ही ओढ्याच्या दोन काठांवरून ओरडून बोलायचो. तुझा बाप रोज येऊन ओरडायचा, आज गाढवाने पाडलं, आज दात पडला. एक सैनिक हसायचा. पुढे त्याची बदली झाली आणि नव्याने ओरडायलाही बंदी केली; तो पाठ वळवी तेवढ्यात दोन शब्द. सदुसष्टची लढाई होऊन पिंपं उचलली जाईपर्यंत असंच चाललं. आई गेली तेव्हा मी तिचा जनाजा मामाच्या गच्चीवरून पाहिला.

तू विचारतेस कुंपण कुठून जाणार. मला दुसरंच कुतूहल आहे. ते तुला कुठून जायला हवंय? मला कुणी विचारलं नाही हे खरं, पण मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तू विचारून ठेव. उत्तर मला कळव, बापाला एवढ्यात नको.

कळावे. मनात जागा ठेव, पत्रात उशीर करू नकोस.

वदीआ


ऐन सुम्माक, पूर्ववाडी
३ मार्च २००३

ती. आत्यास,
सा. सलाम वि. वि.

कळलं. टेकडी.

हुकूम कुणाच्या हातात दिला नाही. टेकडीपलीकडच्या एका ऑलिव्हच्या झाडाला तारेने बांधून ठेवला होता. बाबा छाटणीला गेले होते, त्यांनाच सापडला. हिब्रूत, खाली मोडक्या अरबीत, आणि सोबत नकाशा. नकाशावरची रेघ इतकी जाड की टेकडीवरची सगळी झाडं रेघेच्या पोटातच गेली आहेत. रेघेच्या कुठल्या कडेवरून कुंपण जाणार हे विचारायला बाबा आणि आणखी चौघे कचेरीत गेले. तिथल्या माणसाने सांगितलं की आक्षेप घ्यायचा असेल तर आठवड्यात घ्या. हुकुमावरची तारीख पाहिली तर तो आठवडा परवाच संपला होता.

चहाच्या दुकानात त्या संध्याकाळी एकाने गोड कुनाफा वाटला आणि त्याच्याच शेजारी एकजण डोकं धरून बसला होता. दोघे सख्खे भाऊ. एकाचं दुकान आत राहिलं, दुसऱ्याची झाडं बाहेर गेली. धाकट्याने थोरल्याचा कुनाफा खाल्ला, पण बशी त्याच्याकडे न बघताच परत केली.

मला एक गोष्ट विचित्र वाटली. रेघ टेकडीवरून सरळ येते आणि पुढे एकदम वळसा घालून पलीकडच्या त्यांच्या वसाहतीला कुशीत घेते. मी मुलींचे नकाशे काढून शेजारी ठेवले. ज्याने ही काढली त्यानेही माझ्या मुलींसारखंच केलं आहे: आपली माणसं एका बाजूला घेतली. फरक एवढाच की मुलींनी खोडरबर वापरला होता.

आता वाईट बातमी. परवा बाबांनी मुंझिरच्या वडिलांना निरोप धाडला की हे लग्न होणार नाही. कारण दिलं नाही. मला म्हणाले, अंगठी काढून ठेव, मी पाठवून देतो.  मी चाचणीचे पेपर तपासत बसले. एका मुलीला मी दोनदा गुण दिले असं आज लक्षात आलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते कुठूनच जायला नको होतं, पण परीक्षेत असं उत्तर चालत नाही. तेव्हा लिहिते: मला मुंझिरकडे राहायचंय. तो कमी बोलतो, पण मी बोलत असताना हातातलं काम खाली ठेवतो. आणि मला इथे शिकवायचंही आहे, बाबांना सोडायचं नाही. हे दोन्ही एका रेघेने कसं साधायचं ते मला काढता येत नाही.

अंगठी अजून बोटातच आहे. बाबांना हे लिहू नकोस म्हणणार होते, पण तू लिहिणारच.

तुझी
रिहाब


हैफा
११ मार्च २००३

चि. झैदान यास ताईचे आशीर्वाद.

तू मुंझिरचं स्थळ मोडलंस असं ऐकते. मुलाने शेळी मारली का? दारू पितो का? दुसरी आहे का कुठे? यातलं काही नसेल तर मला कारण कळव. रागावून लिहीत नाही, खरंच जाणून घ्यायचंय. लहानपणी तू गाढवावरून पडलास तरी मला कळवायचास, आणि आता पोरीचं लग्न मोडतोस ते मला दुसऱ्याकडून कळतं.

अबू शहाब मंगळवारी परत येतो. त्याच्याकडे दे. तब्येतीचंही लिही. माझ्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, तेव्हा अक्षर मोठं काढ.

वदीआ


पूर्ववाडी
१८ मार्च २००३

ती. ताईस झैदानचा सलाम.

मुलगा चांगला आहे. तुला कारण हवं तर ऐक.

तू पलीकडे होतीस तेव्हा आई रोज संध्याकाळी ओढ्याकडे तोंड करून बसायची. तुला ते दिसलं नसेल, तू मामाच्या घरात असायचीस. मला दिसायचं. मी तिच्याशेजारी बसायचो. जेवायला चला म्हटलं की म्हणायची, थांब, ती एवढ्यात अंगणात येईल. भाकरी गार व्हायची. असं माझं सगळं लहानपण गेलं.

मला तसं बसायचं नाही. बस्स.

तब्येत ठीक. अक्षर मोठं काढलं आहे. लोभ आहे तो राहू दे.

झैदान


हैफा
२० एप्रिल २००३

चि. रिहाब हिस अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी मी तुमच्याकडे आले तेव्हा तुला मुद्दाम दळण आणायला पाठवलं, हे तुला कळलं असणारच. दार लावून आम्ही काय बोललो हे तुझ्या बापाने सांगितलं नसेल. मी सांगते.

 मी त्याला म्हटलं, तू आईचं लिहिलंस, ते मला खरंच माहीत नव्हतं. आता माझ्या बाजूचं ऐक, तेही तुला माहीत नाही. तुम्ही दोघं ओढ्याकडे बघत बसायचात तेव्हा मी रोज अंगणात का दिसत नव्हते? सुरुवातीला रडत होते म्हणून. पुढे मामाने मला हैफाला परिचारिका व्हायला पाठवलं. तिथे मी सायकल शिकले. मैत्रिणींबरोबर सिनेमे पाहिले. तुझे दाजी इस्पितळात पाय मोडून आले होते. प्लास्टर काढल्यावरही महिनाभर लंगडत येत राहिले, तेव्हा मला कळलं की दुखणं पायाचं नाही. मी हसत होते, झैदान. सुखात होते. आणि हे ओढ्यापलीकडे ओरडून कसं सांगायचं? बंदुका घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या डोक्यावरून? गावी आले की काठावर उभी राहून मी फक्त तब्येत विचारायचे. आई समजली की मी दुःखात आहे, आणि मी समजले की तुम्ही मला विसरलात.

 त्याने विचारलं, म्हणजे तू रडत नव्हतीस? मी म्हटलं, कधी कधी. रोज नाही.

पुढचा प्रश्न त्याने असा विचारला की मी यंत्र नीट बसवून पुन्हा ऐकला. म्हणाला, सिनेमा कुठला पाहिलास? नाव आठवलं नाही. नायक घोड्यावरून नदी पार करतो एवढं आठवलं, ते सांगितलं. मग त्याने चहा ठेवला, साखर दोनदा घातली. म्हणाला, करू दे तिला लग्न. पण त्या कुंपणात फाटक होणार म्हणतात, मला त्याच्यापलीकडे बोलवू नका. माझ्या गावातून बाहेर पडायला आणि माझ्या घरी परत यायला मी कुणापुढे हात पसरणार नाही.

एवढं मिळालं ते घे. बाकीचं तुझं तू मिळव.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी, आणि ते आलं की पुन्हा पुढच्याची वाट पाहणारी,

वदीआ आत्या


कफ्र नाजिल
५ डिसेंबर २००३

ती. आत्यास,
रिहाबचा, आणि आता मुंझिरचाही, सा. सलाम वि. वि.

डोळ्याची पट्टी सुटली का? लग्नात तू नव्हतीस, त्यामुळे बाबांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं आणि बाबा तर बोलतच नव्हते. सगळं लिहिते, भिंग घे.

कुंपण उन्हाळ्यातच पुरं झालं. जवळून पाहिलं तर तार बारीकच आहे, पण दोन्हीकडे खंदक, रस्ता आणि पायाचे ठसे उमटावेत म्हणून चाळून पसरलेली वाळू. मुलींनी विचारलं की कासव गेलं तर त्याचेही ठसे बघतात का. मी म्हटलं, बघत असतील.

ऑक्टोबरात लष्कराचा हुकूम निघाला. पूर्ववाडीत राहायचं तर परवाना हवा. जन्मापासून राहणाऱ्यालाही. आधी सगळ्या गावाने ठरवलं की कुणी घ्यायचा नाही. मग कुणाला दवाखान्यात जायचं होतं, कुणाला शेतावर, एकेक करून लोक गेले. मीही गेले, आत्या. शाळा आत आणि मुंझिर बाहेर, दुसरा इलाज नव्हता. बाबांनी घेतला नाही. म्हणाले, माझ्या घरात मी पाहुणा आहे असं लिहून घेणाऱ्याला मी फोटो देणार नाही. त्यामुळे ते बाहेर पडू शकतात, पण परत येऊ शकत नाहीत. झाडांकडे ते तेव्हापासून गेलेले नाहीत.

आता नवरदेव आत कसा आला ते ऐक. लग्नासाठी परवाना मागितला, मिळाला नाही. मग गावचा कारभार बघणाऱ्या आमच्या मुख्तारने अर्ज केला की पूर्ववाडीतल्या शेळ्यांना खुरांचा रोग आहे आणि डॉक्टर पलीकडे आहे. तो तीन दिवसांत मंजूर. मुंझिर एकटाच आला, हातात औषधांची पेटी, अंगावर लग्नाचा सूट आणि टाय. फाटकावरच्या सैनिकाने विचारलं की शेळ्यांना बघायला टाय कशाला. मुंझिर म्हणाला की शेळ्यांचा मालक फार कडक आहे. आयुष्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. सैनिक हसला आणि सोडलं. खोटं नको म्हणून त्याने आधी खरंच आमच्या गोठ्यात जाऊन दोन शेळ्या तपासल्या. निकाह लागला तेव्हा त्याच्या बाहीला गोठ्याचा वास येत होता.

फाटक बंद व्हायच्या आत निघायचं होतं, त्यामुळे गाणी अर्धीच झाली. बाबा फाटकापर्यंत आले. शेवटच्या लोखंडी खांबाशी थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुंझिरला म्हणाले की काळ्या शेळीचं औषध किती दिवस द्यायचं. मुंझिरने सांगितलं. मग आम्ही गेलो. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण ते बघत असणार आणि मला रडताना त्यांना दिसायला नको होतं. तुझी गोष्ट मला आणि बाबांना आता पाठ आहे.

कागदोपत्री मी बाबांच्याच घरी राहते. रोज सकाळी शाळेला जाते, दुपारी बाबांबरोबर जेवते, संध्याकाळी परत. सैनिक रोज विचारतात की कुठे राहतेस. पूर्ववाडीतून निघताना मागे बोट दाखवते, पूर्ववाडीकडे जाताना पुढे. दोन्ही खरंच आहे.

तू विचारण्याआधी सांगते: हो, सुखात आहे. कधी कधी रडते. रोज नाही.

तुझ्या आठवणीत आमचं घर असू दे.

रिहाब


हैफा
२ डिसेंबर २००४

चि. झैदान यास आशीर्वाद.

नातीबद्दल मुबारक. पंधरा दिवसांची झाली आणि मला तिचं एवढंच ठाऊक आहे की वजन तीन किलो आहे. ते मुंझिरने लिहिलं, वासराचं लिहावं तसं. त्याने पाठवलेल्या फोटोत तिने डोळे मिटलेले, आणि फोटोही हललेला.

मला पुष्कळ विचारायचंय. डोळे कुणाचे? आपल्या आईसारखी भुवई आहे का, ती मधे जुळलेली? रडताना आवाज जाड की बारीक? रिहाबला झोप मिळते का, की विचारल्यावर ठीक आहे म्हणते? रिहाब रजेवर आहे आणि बाळाच्या नावाचा परवाना यायला किती महिने लागतील सांगता येत नाही. मला इथल्या कायद्याने फाटकापलीकडच्या गावांत जायला मनाई. आपल्या दोघांत जाऊ शकणारा तूच एक आहेस.

परवाना घे असं मी म्हणत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. मला फक्त डोळ्यांचा रंग कळव. कसा कळवायचा ते तू बघ.

वदीआ


कफ्र नाजिल
९ जानेवारी २००५

ती. ताईस झैदानचा सलाम वि. वि.

पत्त्यावरून कळलंच असेल.

गेल्या महिन्यात मी कचेरीत गेलो आणि परवाना काढला.  चूक ते चूकच, सही केल्याने ते बरोबर होत नाही, हे मी तिथल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, काका, फोटोत डोळे उघडे ठेवा. फोटो वाईट आला आहे.

आज सकाळी फाटकातून बाहेर पडलो. सैनिकाने विचारलं, कुठे. म्हटलं, एक चौकशी करायची आहे. आधी झाडांकडे गेलो. दोन वाळली आहेत, बाकीची छाटणीविना रानटी वाढली आहेत. तिथून आपलं गाव पाहिलं. तारेतून दोन्ही वाड्या एकच दिसतात, ओढा दिसतच नाही. बराच वेळ उभा होतो.

आता तुझी उत्तरं. डोळे करडे आहेत, रिहाब म्हणते बदलतील. भुवई जुळलेली नाही. आवाज जाड, मुख्तारसारखा. रिहाबला झोप मिळत नाही आणि ती ठीक आहे म्हणते. मुंझिर रात्री उठून बाळाला फिरवतो, हे त्याने सांगितलं नाही, त्याच्या आईने सांगितलं. पोरीने माझ्या नव्या पाटलोणीवर मुतून ठेवलं आणि नंतर माझं बोट धरून झोपली.

चारच्या सुमाराला मुंझिर दारात येऊन म्हणाला की फाटक बंद व्हायची वेळ होत आली, सोडायला येतो. तिने बोट सोडलं नव्हतं. मी म्हटलं, होऊ दे बंद. शेळ्यांना शेजारीण पाणी घालेल. रिहाबने माझ्याकडे बघितलं आणि चुलीवर आणखी एक वाटी तांदूळ चढवला.

अंधार पडला आहे. इथल्या अंगणातून कुंपणावरचे दिवे दिसतात. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो आहे, कारण पाळणा या बाजूला आहे.

आणखी काय विचारायचं असेल ते लवकर लिही. मी उद्या जाईन किंवा परवा. तुझा लोभ या पत्त्यावरही पोचू दे.

झैदान